गाडीच्या पोटाखाली कोण बघतंय

पुरुषोत्तमराव देवस्थळींच्या गाडीला आवाज येत होता, आणि तो गाडीचा नसून रस्त्याचा आहे, असं त्यांचं ठाम मत होतं.

आवाज सुरू झाला चंडीगडजवळच्या मुल्लानपूरहून परतताना. तिथे त्यांच्या प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याने प्लॉट घेतला होता आणि तो बघायला या, बघायला या, म्हणून त्याने जीव नकोसा केला होता. शेवटी एका रविवारी पुरुषोत्तमराव आणि सुमित्राबाई गेले. प्लॉट म्हणजे गव्हाच्या शेतात रोवलेले चार खांब. बाकी सगळं सहकाऱ्याने हातवाऱ्यांनी दाखवलं. इथे हॉल, इथे देवघर, आणि इथे, म्हणजे भर गव्हात, पाहुण्यांची खोली. पुरुषोत्तमरावांनी त्या खोलीत खेळती हवा असल्याचं कौतुक केलं, पेलाभर लस्सी घेतली आणि निघाले. पुढे रस्त्याचं काम चालू होतं आणि मधोमध खडीचा ढीग ओतलेला होता. सुमित्राबाई म्हणाल्या, "अहो, ढीग." पुरुषोत्तमराव म्हणाले, "दिसतोय." आता ढीग दिसत होता हे काही खोटं नव्हतं. पण त्याला वळसा घालण्याऐवजी त्यांनी गाडी त्याच्या कडेवरून नेली, आणि खालून कुणीतरी मोठ्ठा नारळ खवतंय असा आवाज झाला. तेव्हापासून रस्त्याला आवाज येऊ लागला.

चंडीगडच्या माणसांचा एक स्वभाव आहे. दुसऱ्याच्या गाडीत काही बिघडलेलं दिसलं की ते त्यांना स्वतःच्या घरचं काम वाटतं. मध्य मार्गावरच्या पहिल्या सिग्नलला एका बुलेटवाल्या तरुणाने काचेवर टकटक करून सांगितलं, "अंकलजी, नीचे कुछ लटक रहा है." पुरुषोत्तमरावांनी आभार मानले आणि काच वर केली. दुसऱ्या सिग्नलला शेजारच्या गाडीतलं अख्खं कुटुंब खाणाखुणा करत होतं. मागे बसलेल्या आजींनी तर दुपट्ट्याचं टोक हलवून काय लटकतंय त्याचं प्रात्यक्षिकच दिलं. तिसऱ्या सिग्नलपर्यंत ही बातमी बहुधा पुढे पोहोचली असावी, कारण तिथले लोक आधीपासूनच वाकून बघत होते. शेवटी सेक्टर ३९ मधल्या त्यांच्या संशोधन संस्थेच्या वसाहतीत, तुळतुळीत रस्त्यावरही आवाज थांबेना, तेव्हा पुरुषोत्तमराव खाली उतरले आणि गुडघ्यावर हात ठेवून वाकले. काळ्या प्लॅस्टिकचा एक मोठा पत्रा जीभ बाहेर काढल्यासारखा इंजिनाखाली लोंबत होता.

याला अंडर कव्हर म्हणतात, हे त्यांनी रात्री जेवताना सुमित्राबाईंना समजावून सांगितलं. चिखल, दगड, पाणी यांपासून ते इंजिनाचं पोट राखतं. गाडी त्याच्याशिवाय चालते, पण शोभत नाही. सुमित्राबाईंनी विचारलं की, ते ढिगापासून का राखत नाही. यावर पुरुषोत्तमरावांनी आमटी आणखी वाढायला सांगितली.

एरवी हे प्रकरण त्यांनी पावसाळ्यापर्यंत सुखाने रेटलं असतं. पण पुढच्याच्या पुढच्या रविवारी चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत जेवायला जायचं होतं, आणि ते जेवण साधं नव्हतं.

त्यांची लेक स्वराली मोहालीत एका आर्किटेक्टच्या ऑफिसात काम करत होती. जन्म इथलाच, शाळा इथलीच. मराठी तिला सगळं समजायचं, पण उत्तर यायचं हिंदीत. लहानपणी पुरुषोत्तमराव तिला झोपताना मराठीत गोष्ट सांगायचे आणि ती डोळे मोठे करून विचारायची, "फिर क्या हुआ?" ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागून राहिली होती, पण बोलून दाखवत नसत. याच ऑफिसात तिला गंधार भेटला. कर्नल श्रीराम इनामदार यांचा मुलगा. कर्नलसाहेबांची बदली चंडीमंदिर छावणीत झालेली, त्यामुळे तोही इथेच नोकरीला लागलेला. दोघांचं काय चाललंय हे दोन्ही घरांना कळून चुकलं होतं, फक्त कुणी म्हणत नव्हतं. मग गंधारच्या आईने, रागिणीताईंनी, सगळ्यांना जेवायला बोलावलं.

स्वरालीने वडिलांना समोर बसवून एकच अट घातली. "बाबा, सिर्फ लंच है. शादी की बात आप नहीं छेड़ोगे."

या अटीला इतिहास होता. मागे एकदा ऑफिसातला एक वरिष्ठ तिला घरी सोडायला आला, तर चहा येईपर्यंत पुरुषोत्तमरावांनी त्याचं गोत्र, रक्तगट आणि प्रॉव्हिडंट फंड विचारून घेतला. तो बिचारा बंगाली होता, आणि विवाहित. त्यानंतर स्वरालीने कुणालाच घराच्या उंबऱ्याशी आणलं नाही. या वेळी गंधार आपल्या घरी स्वतः बोलणार होता, त्याच्या वेळेने, त्याच्या पद्धतीने. बाबांनी मध्येच काही काढलं तर सगळं अवघडून जाईल, असं ती सांगत होती आणि सांगता सांगता तिचा आवाज कापरा झाला. पुरुषोत्तमरावांना ते ऐकवेना. त्यांनी गळ्याला हात लावला आणि लग्नाचा 'ल' काढणार नाही, अशी शपथ घेतली.

राहता राहिली गाडी. स्वरालीचं म्हणणं, टॅक्सी करू. पण मुलीचा बाप पहिल्या भेटीला भाड्याच्या गाडीतून जाणार, ही कल्पनाच पुरुषोत्तमरावांना सोसवेना. सुमित्राबाईंनी आठवण करून दिली की, आपण मुलीचे आईबाप म्हणून जात नसून नुसते जेवायला जातोय. ते म्हणाले, नुसतं जेवायलासुद्धा खरडत जायचं नसतं.

म्हणून सोमवारी ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेले. तिथे गार हवा होती, कॉफीचं यंत्र होतं आणि टाय लावलेला एक तरुण सल्लागार होता. त्याने गाडी वर चढवली, खाली उभं राहून बराच वेळ वर बघितलं आणि मोठ्या आजाराचं निदान सांगावं तशा हळू आवाजात सांगितलं की, कव्हर गेलं. नुसता फुटलेला भाग मिळत नाही, पूर्ण संच घ्यावा लागेल. संच वाटेत आहे. कुठल्या वाटेत, हे मात्र सेंटरात कुणालाच माहीत नव्हतं. तोवर इन्शुरन्सचं काम उरकून घ्या, असं त्याने सुचवलं.

इन्शुरन्सच्या सर्व्हेअरने गाडी कशाला धडकली ते विचारलं. त्याच्या मोबाइलवर पर्याय होते: दुसरं वाहन, जनावर, पूर, दंगल. खडीचा ढीग त्यात कुठेच बसेना. सर्व्हेअर समजूतदार होता. म्हणाला, त्यातल्या त्यात जनावर जवळचं आहे, तेच लिहू. पुरुषोत्तमरावांचं अर्धं आयुष्य सूक्ष्मजीवांचं वर्गीकरण करण्यात गेलं होतं. खडीला प्राणिसृष्टीत घालायला त्यांनी साफ नकार दिला. मग 'अन्य' लिहावं लागेल, आणि 'अन्य'साठी जागेचा फोटो लागेल. झालं, अर्धी रजा टाकून ते पुन्हा मुल्लानपूरला गेले. ढीग नव्हता. त्या जागी नवाकोरा, काळाभोर, आरशासारखा रस्ता झाला होता. पुरुषोत्तमरावांनी नाइलाजाने त्याचाच फोटो काढून पाठवला. सर्व्हेअरने विचारलं की, एवढ्या सुंदर रस्त्यावर गाडीचं पोट फुटलंच कसं. तिथे पुरुषोत्तमरावांनी इन्शुरन्सला हात जोडले.

शेजारी ढिल्लों हे सगळं बघत होते. संस्थेच्या वर्कशॉपचे ते प्रमुख. देवस्थळी हे आडनाव चंडीगडात पूर्ण उच्चारायचं धाडस कुणी करत नसे. ढिल्लोंनी त्याचं 'देव साब' केलं होतं आणि वसाहतीने ते उचललं होतं. संध्याकाळी चहाचा कप घेऊन ते गाडीपाशी आले. त्यांचं मत असं की, कव्हर हे कंपन्यांनी काढलेलं फॅड आहे. त्यांच्या वडिलांच्या ट्रॅक्टरला जन्मात कव्हर नव्हतं आणि तो अजून चालतोय. उपटून टाका. मग वरच्या मजल्यावरच्या वीणाताई आल्या. त्यांच्या मते कव्हर काढलं तर उंदीर शिरतात आणि वायरी खातात. हे ऐकून ढिल्लोंनी मत फिरवलं आणि ट्रॅक्टरमध्येही एकदा उंदीर शिरल्याचं आठवून सांगितलं. अर्ध्या तासात गाडीभोवती सातआठ माणसं जमली, चहाची दुसरी फेरी झाली, कुणाच्या तरी मुलीच्या परीक्षेचा विषय निघाला, आणि सगळे समाधानाने घरी गेले. कव्हर लोंबतच राहिलं.

दुसऱ्या दिवशी पुरुषोत्तमरावांनी ठरवलं की, हे आपणच करायचं. त्यांनी बाल्कनीतली कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी सोडली. सुमित्राबाईंची योगासनांची चटई त्यांना न विचारता घेतली आणि पायजम्यावरच गाडीखाली सरकले. आतलं जग वेगळंच होतं. नाकासमोर चार बोटांवर लोखंड, कानात माती, आणि दोरीचं टोक सापडेल तिथे भोक नाही, भोक सापडेल तिथे दोरी नाही. गाठ बसत आली तेवढ्यात बाहेर दोन बूट येऊन थांबले.

"देवस्थळी?" असा प्रश्न वरून आला. आवाज संस्थेच्या संचालकांचा होता. ते संध्याकाळचे फिरायला निघाले होते. पुरुषोत्तमरावांनी पाय हलवून दुजोरा दिला. आता एखाद्या भल्या माणसाने एवढ्यावर रजा घेतली असती. पण संचालक कामाचे पक्के. पाय सापडलेच आहेत म्हटल्यावर त्यांनी वार्षिक अहवालाचा विषय काढला. पुरुषोत्तमरावांनी एका हाताने कव्हर वर धरून, दुसऱ्या हाताने गाठ आवळत, जिवाणूंच्या तीन नव्या प्रजातींची प्रगती गाडीखालून सांगितली. त्यात एकदा शिंक आली आणि डोकं लोखंडावर आपटलं. संचालकांना वाटलं की, प्रगतीबद्दल काही विशेष सांगायचंय. बूट गेले तेव्हा दात खाऊन त्यांनी शेवटची गाठ मारली. एवढ्या वर्षांच्या नोकरीत आपण वरिष्ठांशी कधी पायांनी बोलू असं त्यांना वाटलं नव्हतं.

दोरी एक रात्र टिकली. सकाळी धान्यमंडीजवळच्या चौकात खालून जळका वास आला, फट्कन आवाज झाला, आणि आरशात पुरुषोत्तमरावांना आपलं कव्हर मागे रस्त्यावर शांतपणे पहुडलेलं दिसलं. त्यावरून एक बस गेली. पुरुषोत्तमरावांनी ठरवलं की, ते आपलं नाहीच, आणि पुढे निघाले. पण चंडीगडात असं सुटता येत नाही. एका स्कूटरवाल्या सरदारजींनी दोन्ही तुकडे गोळा केले, हॉर्न वाजवत पुढच्या चौकापर्यंत पाठलाग केला, गाडी थांबवायला लावली आणि 'आपका सामान गिर गया' म्हणत ते तुकडे मोठ्या आस्थेने मागच्या सीटवर ठेवले. वर, मनीमाजऱ्याच्या मोटर मार्केटमध्ये पम्म्याकडे जा, माझं नाव सांगा, असंही सांगितलं. नाव मात्र सांगायला विसरले.

पम्म्याला नावाची गरज नव्हती. तो आडवा-तिडवा, काळा चष्मा घातलेला, जगात दुरुस्त न होणारी वस्तूच नाही असं मानणारा माणूस होता. शनिवारी दुपारी पुरुषोत्तमराव तिथे पोहोचले तेव्हा त्याने तुकडे बघितले, हसला आणि भंगारात टाकले. कंपनीचं कव्हर येईपर्यंत मी तुम्हाला नवं करून देतो म्हणाला. त्याचा विचार टिनाचा पत्रा लावण्याचा होता. पुरुषोत्तमरावांना पत्र्याचा खडखडाट नको होता. उद्या छावणीत वाजत-गाजत जाणं त्यांच्या नियोजनात नव्हतं. मग जाड प्लॅस्टिकचं शीट लागेल, आणि शीटचं दुकान आज बंद आहे, असं पम्म्याने सांगितलं. शीट आणा, पाच मिनिटांत बसवतो.

पुरुषोत्तमरावांनी डिकी उघडली. तिथे एक शीट होतं.

त्या शीटबद्दल थोडं सांगायला हवं. पुरुषोत्तमराव इथल्या मराठी मंडळाचे कार्यवाह होते आणि मागच्या वर्षी त्यांनी मोठ्या हौसेने वधू-वर परिचय मेळावा भरवला होता. मेळाव्याला झाडून सगळे वरच आले. वधू एकही नाही. कोचिंग क्लासची मुलं नुसत्या बटाटेवड्यांसाठी येऊन गेली ती वेगळीच. त्या मेळाव्यासाठी त्यांनी पन्हळी प्लॅस्टिकचा चांगला दणकट बोर्ड करून घेतला होता. वर 'वधू-वर परिचय मेळावा', मध्ये मुंडावळ्या बांधलेलं जोडपं, त्याखाली 'उशीर कशाला? आजच नाव नोंदवा', आणि तळाशी 'संपर्क: पु. ना. देवस्थळी' व मोबाइल नंबर. दरवर्षी उपयोगी पडावा म्हणून त्यावर त्यांनी तारीख मुद्दाम घातली नव्हती. चांगली वस्तू टाकवत नाही म्हणून तो वर्षभर डिकीत फिरत होता. सुमित्राबाई किती वेळा म्हणाल्या की, काढा तो. दर वेळी ते म्हणाले की, कधीतरी लागेल.

आणि बघा, लागला. पुरुषोत्तमरावांना मनापासून आनंद झाला.

पम्म्याने बोर्ड वाजवून बघितला आणि पसंत केला. फक्त त्याने लिहिलेली बाजू आत, इंजिनाकडे ठेवायला घेतली. म्हणाला, लिखाण बाहेर बरं दिसत नाही. इथे पुरुषोत्तमरावांमधला शास्त्रज्ञ जागा झाला. त्यांनी पम्म्याला थांबवलं आणि छापील बाजूला चकचकीत लॅमिनेशन असल्यामुळे तिच्यावर पाणी आणि चिखल टिकत नाही, उलट मागची बाजू खरबरीत असल्याने ती घाण धरून ठेवते, हे पृष्ठताणापासून सुरुवात करून सांगितलं. जागा मोटर मार्केटची होती, पण विषय त्यांचा होता, त्यामुळे बराच वेळ सांगितलं. आजूबाजूचे दोन मेकॅनिकही येऊन ऐकत उभे राहिले. शेवटी पम्म्या म्हणाला की, मर्जी तुमची, पण लोक वाचतील.

"गाड़ी के नीचे कौन देखता है?" पुरुषोत्तमराव म्हणाले.

बोर्ड बसला. कडा कापल्या, वॉशर घालून स्क्रू आवळले, आणि तेल काढायच्या नटासाठी पाडलेलं भोक नेमकं नवरदेवाच्या तोंडावर आलं. पुरुषोत्तमरावांनी गाडी मार्केटात एक चक्कर मारून आणली. आवाज नाही. खडखड नाही. त्यांना इतकं हलकं वाटलं की, परतताना मध्य मार्गावर ते प्रत्येक सिग्नलला काच खाली करून थांबले. कुणीही काहीही सांगितलं नाही.

रविवारी सगळे आवरून निघाले. सुमित्राबाईंनी खोबऱ्याच्या वड्यांचा डबा मांडीवर घेतला होता. मागे स्वराली निळ्या कुर्त्यात, गप्प, सारखी मोबाइल उलटसुलट करत होती. पंचकुला मागे पडेपर्यंत तिने दोनदा विचारलं, "बाबा, याद है ना?" दोन्ही वेळा पुरुषोत्तमरावांनी गळ्याला हात लावला. स्टिअरिंगवरचा हात सुटल्याने सुमित्राबाई घाबरल्या, तेवढंच. बाकी गाडी नव्यासारखी सरसर चालली होती, आणि आजचा दिवस आपण जिंकला असं पुरुषोत्तमरावांना वाटू लागलं होतं.

छावणीच्या फाटकावर जवानाने ओळखपत्रं बघितली, कुणाकडे जायचंय ते विचारलं, यादीत नाव बघून मान डोलावली. मग त्याने बाजूला ठेवलेली एक चाकांची काठी घेतली. काठीच्या टोकाला आरसा होता. तो आरसा त्याने सावकाश गाडीखाली सरकवला.

पुरुषोत्तमरावांना आता बोर्ड आठवला. अख्ख्या पंजाब-हरियाणात अशी एकच जात होती, जी पगार घेऊन गाडीचं पोट बघते, आणि तिच्याच दारात ते आपण होऊन आले होते.

जवानाने आरसा मागे घेतला, पुन्हा सरकवला, आणि अदबीने म्हणाला की, सर, नीचे कुछ लिखा हुआ है. गाडी बाजूला घ्यायला लावली. सुभेदारसाहेब आले. त्यांनी स्वतः आरशात पाहिलं. त्यांना उलटी अक्षरं दिसली, एक सजवलेली बाई दिसली आणि तिच्याशेजारी तोंडाच्या जागी भोक असलेला पुरुष दिसला. गाडीखाली असं चित्र का लावावं लागतं, याचा ते विचार करू लागले. मग त्यांनी पुरुषोत्तमरावांना खाली उतरवून हा काय प्रकार आहे ते विचारलं.

पुरुषोत्तमरावांनी मागे पाहिलं. स्वराली काच खाली करून ऐकत होती. त्यांनी शपथ आठवली.

"बोर्ड है," ते म्हणाले. "एक सामाजिक कार्यक्रम का."

"कैसा कार्यक्रम?"

"मिलने-जुलने का."

"कौन मिलता है?"

"लोग," पुरुषोत्तमराव म्हणाले. "दो तरफ के."

याने सुभेदारांचं समाधान व्हायच्या ऐवजी कपाळावरच्या आठ्या वाढल्या. दोन्ही बाजूंचे लोक कुठे भेटतात, का भेटतात, भेटल्यावर काय करतात, असे साधे सरळ प्रश्न त्यांनी विचारले आणि पुरुषोत्तमरावांना एकाचंही उत्तर 'लग्न' या शब्दाशिवाय देता येईना. ते परिचय म्हणाले, नोंदणी म्हणाले, एकदा तर 'दीर्घकालीन संबंध' असंही हिंदीत म्हणून बसले. घाम मानेवरून उतरत होता. एका शब्दात सुटका होती, पण तो शब्द त्यांनी लेकीला दिलेल्या शब्दाखाली गाडला होता, आणि काही झालं तरी तो काढायचा नाही असा त्यांचा निश्चय होता. सुमित्राबाई डब्यासकट उतरल्या आणि काय झालं म्हणून विचारू लागल्या. सुभेदारांनी शेवटी यजमानांना फोन लावला.

पाच मिनिटांत इनामदारांची गाडी आली. कर्नल श्रीराम पांढऱ्या शुभ्र शर्टात उतरले. उंच, सडसडीत, मिश्या कडक. मागोमाग रागिणीताई आणि गंधार. पुरुषोत्तमरावांनी या पहिल्या भेटीसाठी दोन-तीन वाक्यं तयार करून ठेवली होती. त्यातलं एकही इथे लागू पडत नव्हतं. त्यांनी नुसता नमस्कार केला. कर्नलसाहेबांनी सुभेदारांचं म्हणणं ऐकून घेतलं, आरशात बघितलं, आणि मराठी दिसतंय म्हणाले. उलटं वाचण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. सरळ रस्त्यावर पाठ टेकून खांद्यापर्यंत गाडीखाली सरकले. बाहेर फक्त त्यांचे चकाकते बूट राहिले.

आता बूट आडवे होते आणि पुरुषोत्तमराव उभे होते, पण त्यांना मुळीच बरं वाटत नव्हतं.

गाडीखालून कर्नलसाहेबांचा आवाज आला. परेडच्या मैदानावर कमावलेला आवाज, तो फाटकाच्या दोन्ही बाजूंना ऐकू गेला. "वधू-वर परिचय मेळावा," ते वाचू लागले. "उशीर कशाला? आजच नाव नोंदवा." मग जरा थांबून: "संपर्क, पु. ना. देवस्थळी."

रागिणीताईंनी सुमित्राबाईंकडे पाहिलं. सुमित्राबाईंनी डब्याकडे पाहिलं. सुभेदारांनी हिंदीत अर्थ विचारला तेव्हा बुटांनी त्यांना हिंदीत सांगितलं की, लिहिलंय, मुला-मुलींची लग्नं जमवायला उशीर करू नका. सुभेदारांनी एकदा गंधारकडे बघितलं, एकदा मागच्या सीटवरल्या स्वरालीकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावरच्या आठ्या भराभर मावळल्या.

पुरुषोत्तमरावांना मात्र ना सुभेदार दिसत होते, ना बूट. ते लेकीकडे बघत होते. तिने एवढी एकच गोष्ट मागितली होती. तीही आपण सांभाळली नाही, या विचाराने त्यांनी पुन्हा गळ्याला हात लावला. "स्वराली," ते म्हणाले, "मी एक अक्षर बोललो नाही गं."

स्वरालीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. तिचे खांदे हलत होते. ती रडतेय असं वाटून पुरुषोत्तमराव दोन पावलं पुढे आले, तेव्हा त्यांना कळलं की, ती हसतेय. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतेय. ती दार उघडून बाहेर आली, वडिलांच्या दंडाला धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "खरंच नाही बोलले. मी साक्षीला आहे. अख्ख्या रस्त्यात लग्नाचा 'ल' काढला नाही बाबांनी."

हे ती मराठीत बोलली. अख्खं वाक्य, कर्त्यापासून क्रियापदापर्यंत. पुरुषोत्तमरावांना मेळावा, बोर्ड, छावणी सगळ्याचा विसर पडला.

गंधार इतका वेळ लाजून बाजूला उभा होता. तो पुढे आला आणि वडिलांच्या बुटांशेजारी उकिडवा बसला.

"बाबा," त्याने विचारलं, "नाव नोंदवायचं असेल तर नंबर दिलाय का?"

"दिलाय," बूट म्हणाले. "शेवटचा आकडा स्क्रूखाली गेलाय."

"मग इथेच नोंदवतो," गंधार म्हणाला. तो उठला, हात झटकले आणि पुरुषोत्तमरावांसमोर सरळ उभा राहिला. "काका, माझं नाव घ्या."

पुरुषोत्तमरावांनी आधी लेकीकडे बघितलं, आणि तिने मान हलवल्यावर गळ्यावरचा हात काढला.

त्या दुपारी इनामदारांकडे आमरस-पुरी होती की आणखी काही, ते कुणाला धड आठवत नाही, कारण सगळे एकाच वेळी बोलत होते. परत निघताना फाटकावर सुभेदारांनी पुन्हा आरसा लावला. तपासणी चांगली पाच मिनिटं चालली, कारण या वेळी त्यांनी ड्युटीवरच्या सगळ्या जवानांना बोलावून दाखवलं.

कंपनीचं कव्हर पुढे केव्हातरी वाटेतून आलं. पम्म्याने बोर्ड काढला तेव्हा त्याच्या छापील बाजूवर चिखलाचा ठिपका नव्हता, हे पुरुषोत्तमरावांनी ढिल्लोंना, वीणाताईंना आणि एकदा संचालकांनाही थांबवून दाखवलं. मंडळाच्या वार्षिक सभेत त्यांनी अहवाल वाचला. वधू-वर मेळावा या सदरात लिहिलं होतं: स्थळ, चंडीमंदिर फाटक, उपस्थिती, वधू एक, वर एक, बोर्ड सुस्थितीत, पुढील वर्षीही वापरता येईल.